‘मी दोन्ही आहे’: व्हर्जिनियातलं हॉल प्रकरण, 1629

25 मार्च 1629. इंग्लंडच्या जुन्या कालगणनेत हा वर्षाचा पहिला दिवस. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीच्या राजधानीत, जेम्सटाउनमध्ये, गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाचे सभासद न्यायासनावर बसले होते. तंबाखूची देणी, नोकरांच्या तक्रारी, मेलेल्यांची मालमत्ता असली कामं त्यांच्यापुढे रोजची. त्या दिवशी वॉरस्क्वोयॅक नावाच्या वस्तीवरून आलेला प्रश्न मात्र निराळा होता. तिथे कराराने कामाला असलेल्या एका माणसाचं शरीर पुरुषाचं की बाईचं, हे ठरवायचं होतं.

नाव टॉमस हॉल. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं नाव टॉमसीन.

हे प्रकरण मराठीत लिहायला घेतलं की पहिल्याच वाक्याला हात अडतो. इंग्रजीत ‘आय वेन्ट’ म्हटलं की बोलणारं माणूस कोण ते कळत नाही. मराठीत ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. न्यायालयाच्या कारकुनाने सगळीकडे पुल्लिंगी सर्वनाम वापरून आपल्यापुरता प्रश्न मिटवला. मला तो तसा मिटवायचा नाही. ‘तो’ म्हटलं तर कारकुनाची री ओढल्यासारखं होतं, ‘ती’ म्हटलं तर त्याच्या उलट निकाल मीच दिल्यासारखा होतो. ‘ते’ आहे, पण जिवंत माणसाला व्याकरणाच्या नपुंसकलिंगात बसवणं जिवावर येतं. सुदैवाने मराठीने एक वाट ठेवली आहे. ‘हॉलने केस कापले’ म्हटलं की क्रियापद केसांच्या मागे जातं, हॉलच्या मागे जात नाही. त्या वाटेनेच पुढचं सगळं लिहिलं आहे. आणि या कागदांमधलं हॉलचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर तर मराठीत अगदी सहज येतं: ‘मी दोन्ही आहे.’ या वाक्यात लिंग कुठेच नाही.

हॉलची हकीकत

हॉलचा स्वतःचा जबाब झाला 8 एप्रिलला. तो जेमतेम पाऊण पानाचा आहे.

जन्म न्यूकॅसल-अपॉन-टाइन इथे किंवा त्याच्या आसपास. टॉमसीन हे नाव ‘मला सांगण्यात आलं आहे त्याप्रमाणे’ अशी पुस्ती जोडून हॉलने सांगितलं. बाराव्या वर्षापर्यंत अंगावर मुलीचे कपडे. बाराव्या वर्षी आईने लंडनला एका नातेवाईक बाईकडे पाठवलं. ती मावशी होती की आत्या, हे कागदावरच्या इंग्रजी शब्दावरून ठरत नाही. तिथे दहा वर्षं गेली. 1625 मध्ये इंग्लंडने स्पेनच्या काडिझ बंदरावर स्वारी केली, तेव्हा हॉलच्या भावाला सक्तीने भरती करून नेलं. त्या सुमारास हॉलने केस कापले, पुरुषाचे कपडे चढवले आणि शिपाईगिरी पत्करली. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या इल द रे बेटावर 1627 मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकने जी फौज नेली, तिच्यात हॉलचा समावेश होता. ती मोहीम पार फसली आणि गेलेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसं परतली.

प्लिमथ बंदरात उतरल्यावर हॉलने पुन्हा बाईचा वेष घेतला आणि लेस विणून पोट भरलं. ही ‘बोन लेस’. मांडीवर घट्ट भरलेली उशी, तिच्यावर टाचण्यांनी रोवलेला नमुना आणि दोऱ्यांच्या टोकांना लोंबणाऱ्या हाडाच्या बारीक फिरक्या. दोन जोड्या एकमेकींवरून टाकायच्या, पिळायच्या, टाचणी रोवायची, पुढची जोडी घ्यायची. एक दोरा चुकला तर मागचं सगळं उसवायचं. हे हात चार दिवसांत बसत नाहीत. लंडनमधली ती दहा वर्षं कशात गेली असतील याचा अंदाज इथे येतो. ज्या बोटांनी काही महिन्यांपूर्वी फौजेत हत्यार धरलं, तीच बोटं आता फिरक्या टाकत होती.

मग व्हर्जिनियाला जाणारं जहाज तयार असल्याचं कळलं. हॉलने पुन्हा पुरुषाचे कपडे केले आणि समुद्र ओलांडला.

या जबाबात गयावया नाही आणि खुलासाही नाही. कपडे का बदलले, मनात काय होतं, हे कुणी विचारलेलं नाही आणि हॉलने आपणहून सांगितलेलंही नाही. पण क्रम पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. शिपाई व्हायचं तर पुरुषाचा वेष, लेस विणायची तर बाईचा, जहाजावर नाव घालायचं तर परत पुरुषाचा. जसं काम तसा वेष. हॉलच्या आयुष्यात दोन्ही बाजू होत्या, पण त्या एकामागून एक येत, आणि कोणती कधी ते हॉलच्या हातात होतं. ही गोष्ट निकालापर्यंत लक्षात ठेवावी.

वस्ती

वॉरस्क्वोयॅक हे खरं तर तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीचं नाव. जेम्स नदीच्या दक्षिण काठावरचा त्यांचा मुलूख इंग्रजांनी घेतला आणि नावही घेतलं. सात वर्षांपूर्वी, 22 मार्च 1622 रोजी, पोव्हॅटन जमातींनी एकाच दिवशी वसाहतीवर हल्ला करून 347 इंग्रजांना मारलं होतं. त्यानंतरच्या 1625 च्या शिरगणतीत सगळ्या व्हर्जिनियात जेमतेम बाराशे इंग्रज भरले, आणि त्यांत बायकांच्या तिपटीहून अधिक पुरुष होते.

जमीन मुबलक, तंबाखूला भाव आणि माणसांचा तुटवडा. त्यामुळे शरीर ही इथली सर्वांत महाग वस्तू होती. जहाजाचं भाडं ज्याने भरलं त्याच्याकडे काही वर्षं राबायचं, या करारावर बहुतेक तरुण इथे यायचे. करार विकता यायचा, म्हणजे माणूस एका मालकाकडून दुसऱ्याकडे जायचं. 1621 मध्ये तर व्हर्जिनिया कंपनीने 57 तरुणींना लग्नासाठी जहाजाने पाठवलं आणि नवऱ्याकडून दर बायकोमागे 150 पौंड उत्तम तंबाखू घ्यायचं ठरवलं.

अशा ठिकाणी नोकर पुरुष आहे की बाई हा केवळ चहाटळपणाचा विषय नव्हता. पुरुष तंबाखूच्या शेतावर जायचा. इंग्रज बाईने स्वयंपाक, धुणं, दूधदुभतं पाहावं अशी अपेक्षा असायची. झोपायची जागा, कुणाबरोबर एकटं राहायचं, बाळंतिणीच्या खोलीत कुणी शिरायचं, सगळं याच एका उत्तरावर ठरायचं. घरं एक-दोन खोल्यांची, भिंती फळ्यांच्या. गुपित ठेवायला जागा नव्हती.

पाच वेळा

जबाब नीट लावून पाहिले की हॉलच्या शरीराची तपासणी किंवा विचारपूस किमान पाच वेळा झालेली दिसते. या प्रकरणाचं खरं मर्म मला इथे वाटतं.

पहिली वेळ जॉन टायोस या मालकाकडच्या नोकरीत. वस्तीत कुजबुज सुरू झाली होती की हॉल पुरुषही आहे आणि बाईही. ॲलिस लाँग, डोरोथी रोड्स आणि बार्बरा हॉल या तिघींनी (बार्बराचं आडनाव तेच, एवढंच) हॉलला तपासलं आणि सांगितलं: पुरुष. टायोस मात्र शपथेवर म्हणत राहिला: बाई.

या तिघींना हा अधिकार कुणी दिला? कागदावर कुणीच नाही. पण इंग्रजी समाजात बायकांच्या शरीराबद्दल प्रौढ, लेकुरवाळ्या बायकांचा शब्द चालायचा. फाशीची शिक्षा झालेल्या बाईने ‘मी गरोदर आहे’ म्हटलं की न्यायाधीश अशाच बायकांची पंचायत नेमायचे, आणि त्या सांगतील त्यावर फाशी लांबणीवर पडायची. बाळंतपणात पुरुषाला दाराबाहेर ठेवणाऱ्याही त्याच. बाईच्या वेषातला पुरुष आपल्यात वावरतो आहे अशी शंका आली, तेव्हा खात्री करून घेणं त्यांना आपलं काम वाटलं असणार. मला त्यांचा राग येतो, पण त्यांची भीती समजते.

दुसरी वेळ कॅप्टन नॅथॅनिएल बॅसपुढे. तो वस्तीचा मुख्य. त्याने अंगाला हात न लावता सरळ विचारलं, पुरुष की बाई? हॉलने उत्तर दिलं, दोन्ही. पुढे असंही सांगितलं की पुरुषाचा जो भाग आहे त्याचा उपयोग होत नाही. शरीराचं वर्णन कागदात मोजमापासकट आहे, ते इथे पुन्हा लिहिण्याचं कारण नाही. या प्रकरणात माणसाला माणूस म्हणून प्रश्न विचारणारा हा पहिला इसम. पण उत्तर ‘दोन्ही’ आलं आणि हुकूम एकाच बाजूचा निघाला: बाईचे कपडे घालावेत.

म्हणजे चित्र असं झालं की बायका म्हणतात पुरुष, मालक आणि कॅप्टन म्हणतात बाई. बॅसच्या हुकमाने त्या बायकाही डळमळल्या. आधी ठामपणे सांगितलेल्या गोष्टीबद्दल त्यांना शंका येऊ लागली, असं जबाबातच आहे.

पुढे हॉलचा करार जॉन ॲटकिन्सकडे गेला. तिसरी वेळ त्याच्या घरची. डोरोथी रोड्स आणि इतर बायका आल्या, तेव्हा हॉल झोपेत. झोपेतच त्यांनी पांघरूण आणि कपडे बाजूला करून पाहिलं. पुन्हा म्हणाल्या, पुरुष. ॲटकिन्सला हाक मारली, तूही बघ. तो जवळ गेला तेवढ्यात हॉलच्या अंगाची हालचाल झाली, जाग आल्यासारखी. ॲटकिन्स तसाच मागे सरला. आपल्याला काही दिसलं नाही, असं त्याने न्यायालयात शपथेवर सांगितलं.

मी हे प्रकरण वाचताना दर वेळी या जागी थांबते. काही जणी आणि एक मालक, अंधारी खोली, निजलेलं माणूस. ॲटकिन्सला इतका अधिकार होता की उजेडी, जागेपणी तो हवा तो हुकूम करू शकत होता, आणि पुढे त्याने केलाही. तरी अंग हललं तशी त्याची पावलं मागे गेली. काहीतरी आपल्याला शोभत नाही एवढं त्याच्या पायांना कळलं असावं.

चौथी वेळ पुढच्या रविवारी, त्याच घरी. बायका पुन्हा जमल्या, या वेळी ॲटकिन्स हजर. तपासलं, निकाल तोच. मग ॲटकिन्सने विचारलं, तुझ्याकडे एवढंच आहे का? हॉलने उत्तर दिलं की बाईच्या शरीरात असतं त्याचाही थोडा अंश आहे. मूळ शब्द रांगडे आहेत. त्यावर ॲटकिन्सने पाठीवर निजून ते दाखवायचा हुकूम सोडला. बायकांनी पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा म्हणाल्या पुरुष. ॲटकिन्सने पुरुषाचे कपडे घालायला लावले आणि दुसऱ्या दिवशी बॅसकडे जाऊन सांगितलं, हा पुरुष ठरला आहे, त्याने केलेल्या लबाडीबद्दल त्याला शिक्षा व्हावी.

शिक्षेचा मुद्दा हवेतून आला नव्हता. वस्तीवर रिचर्ड बेनेट नावाचा बडा मळेवाला होता (पुढे तो वसाहतीचा गव्हर्नर झाला). त्याच्याकडच्या ‘ग्रेट बेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोलकरणीबरोबर हॉलचा संबंध असल्याची अफवा होती. हॉल पुरुष असेल तर तो लग्नाबाहेरचा संबंध, म्हणजे गुन्हा. हॉल बाई असेल तर त्याच अफवेतून खटला उभा राहत नव्हता. एका शरीराबद्दलच्या उत्तरावर दोन माणसांची अब्रू टांगलेली होती, आणि त्यातल्या बेसचा जबाब कागदात कुठे दिसत नाही.

पाचवी वेळ सर्वांत उघडी हिंसा आहे. रॉजर रोड्स आणि फ्रान्सिस इंग्लंड हे दोघे वाटेत हॉलला भेटले. रोड्स म्हणाला, तुला बाई म्हणत होते, आता पुरुष ठरलास, बघू तरी काय आहे तुझ्याकडे. दोघांनी धरलं, रोड्सने पाठीवर पाडलं आणि इंग्लंडने हाताने तपासलं. हे आपल्याला माहीत आहे ते इंग्लंडने स्वतःच न्यायालयात सांगितलं म्हणून. साक्ष म्हणून सांगितलं, कबुली म्हणून नाही. त्या दोघांवर ठपका ठेवल्याची ओळ कागदात नाही.

इंग्लंडच्याच साक्षीत हॉलचं आणखी एक वाक्य आहे. बाईचे कपडे का घालतोस, असं कुणीतरी विचारलं होतं. हॉलने उत्तर दिलं: माझ्या मांजरीला घास मिळवायला. काही अभ्यासक यात चावट अर्थ बघतात, आणि तो असूही शकतो, कारण इंग्रजीत तो श्लेष सहज होतो. मला त्यात पोटापाण्याचा सरळ अर्थही ऐकू येतो. रोज तोच प्रश्न विचारणाऱ्याला दिलेलं हे उत्तर आहे. विचारणारा गोंधळून बाजूला व्हावा, एवढं त्याने साधलं असणार.

शरीराबद्दल तेव्हा काय मानत

आज अशा शरीरांना आपण इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतो. गुणसूत्रं, संप्रेरकं, गर्भातली वाढ यांत स्त्री आणि पुरुष यांच्या मधल्या अनेक तऱ्हा निसर्गतः असतात, हे आता वैद्यकाला पक्कं माहीत आहे. 1629 मध्ये यातलं काही नव्हतं, पण म्हणून लोक कोरे नव्हते.

ग्रीक वैद्य गेलेनपासून चालत आलेलं मत असं की बाईच्या आत जे अवयव असतात तेच पुरुषाच्या बाहेर असतात. फरक शरीरातल्या उष्णतेचा. उष्णता पुरी पडली तर अवयव बाहेर येतात, कमी पडली तर आत राहतात. सोळाव्या शतकातला फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रॉज पारे याने तर एका मुलीची गोष्ट गंभीरपणे नोंदवली आहे: डुकरांच्या मागे धावताना तिने चर ओलांडायला उडी मारली आणि त्या श्रमाने तिचे पुरुषाचे अवयव बाहेर आले. पुढे ती पुरुष म्हणून जगली. म्हणजे स्त्री आणि पुरुष यांच्यामधली भिंत त्यांच्या लेखी तितकीशी जाड नव्हती. नेमकं म्हणूनच कपड्यांवर, केसांवर, टोपीवर इतका भर होता. शरीर सरकतं असेल तर वेष तरी पक्का हवा. राजा पहिल्या जेम्सने 1620 मध्ये लंडनच्या धर्मगुरूंना सांगितलं होतं की पुरुषी हॅट घालणाऱ्या आणि केस आखूड कापणाऱ्या बायकांविरुद्ध प्रवचनं करा. हॉलचं वास्तव्य तेव्हा लंडनमध्येच असावं.

कायद्याकडेही तयार उत्तर होतं. एडवर्ड कोक या इंग्लंडच्या नामवंत कायदेपंडिताने 1628 मध्ये, म्हणजे या खटल्याच्या आदल्याच वर्षी, लिहिलं होतं की वारस पुरुष, स्त्री किंवा दोन्ही मिळून असू शकतो. दोन्ही असेल तर शरीरात ज्याचा जोर जास्त त्याप्रमाणे त्याला धरावं. एक निवडा आणि पुढे चला. फ्रान्समध्ये 1601 साली रुआँच्या एका खटल्यात, बाई म्हणून वाढलेल्या आणि एका विधवेशी लग्न करू पाहणाऱ्या मारी ल मार्सीला आधी मृत्युदंड झाला होता. एका वैद्याने स्वतः तपासून पुरुषत्वाची साक्ष दिली, तेव्हा अपिलात जीव वाचला, पण पंचविसाव्या वर्षापर्यंत बाईचाच वेष आणि शरीरसंबंध बंद, असा हुकूम झाला.

जेम्सटाउनच्या न्यायालयाला या चाकोरीतला निकाल देणं सोपं होतं. शिवाय त्यांच्याकडे एक गोष्ट जास्तीची होती. अध्यक्षपदी बसलेला गव्हर्नर जॉन पॉट हा स्वतः डॉक्टर होता, 1621 पासून वसाहतीचा वैद्य. (1623 मध्ये तहाच्या बोलणीला आलेल्या पोव्हॅटन लोकांना पाजलेल्या विषारी दारूमागे हाच होता, असा त्याच्यावर आरोप आहे.) तरी वैद्यकीय तपासणीचा एक शब्द या कागदांत नाही. डॉक्टरने पाहिलं नाही, कोकचा नियम कुणी काढला नाही. त्यांनी बायकांच्या, मालकाच्या आणि साक्षीदारांच्या जबान्या ऐकल्या, मग हॉलची हकीकत ऐकली, आणि हॉलचंच उत्तर उचललं.

निकाल

हुकूम असा: हॉल राहतो त्या वस्तीत जाहीर करावं की हा पुरुष आणि बाई आहे, म्हणजे सगळ्यांना त्याची माहिती होईल. कपडे पुरुषाचे घालावेत. डोक्याला मात्र कॉइफ आणि क्रॉसक्लॉथ असावा, आणि पुढे एप्रन.

कॉइफ म्हणजे डोक्याला घट्ट बसणारी, कानांवरून येणारी लिननची टोपी. क्रॉसक्लॉथ म्हणजे तिच्याबरोबर कपाळावर आडवा बांधून मागे गाठ मारायचा तिकोनी फडका. दोन्ही बायकांची रोजची वस्त्रं. आता हे एका अंगावर बसवून बघा. खाली विजार, पायमोजे, पुरुषी डगला. वर बाईचं डोकं. मध्ये कमरेला एप्रन. नदीकाठच्या कुठल्याही वाटेवरून लांबून येणारं हे माणूस नजरेस पडलं की नाव विचारायची गरज उरणार नाही.

वरवर पाहिलं तर हा निकाल सौम्य वाटतो. फटके नाहीत, दंड नाही, बेसच्या प्रकरणावर शिक्षा नाही. आणि सतराव्या शतकातल्या न्यायालयाने ‘पुरुष आणि बाई’ हे शब्द अधिकृत हुकमात लिहिले, याचं अप्रूप अनेक वाचकांना वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण हॉलच्या जबाबाशेजारी हा हुकूम ठेवला की त्याचा अर्थ उलटा होतो. हॉलने आयुष्यभर जे केलं होतं ते बदलणं होतं: आज हे, उद्या ते, काम बघून, गाव बघून. न्यायालयाने दोन्ही मान्य केलं आणि बदलणं बंद केलं. दोन्ही, एकाच वेळी, कायम, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लेस विणणारी बाई म्हणून कुठे कामाला लागणं संपलं, पुरुष म्हणून पुढच्या जहाजावर नाव घालणंही संपलं. लग्नाचा तर प्रश्नच उरला नाही, कारण कुणाशीही संबंध ठेवला तरी तो कायद्याच्या एका ना एका बाजूला अडकणारच. ‘मी दोन्ही आहे’ हे हॉलने बॅसला विचारल्यावर दिलेलं उत्तर होतं. न्यायालयाने ते उत्तर घेतलं, कापडावर उतरवलं आणि हॉलच्याच डोक्याला बांधलं.

कपड्यांतून गुन्ह्याची खूण उमटवणं ही त्या समाजाची जुनी रीत होती. पांढरी चादर गुंडाळून, हातात काठी धरून चर्चमध्ये उभं करायची शिक्षा इंग्लंडमध्येही होती आणि व्हर्जिनियातही. ती एका-दोन रविवारांची असायची. हॉलच्या हुकमात मुदत नाही.

माझ्या मते न्यायाधीशांना हॉलचं शरीर कळलं नाही म्हणून त्यांनी हा निकाल दिला असं नाही. त्यांना वस्ती शांत करायची होती. पाच वेळा तपासूनही बायका, मालक आणि कॅप्टन एकमेकांशी जुळत नव्हते. पुढचा रविवार आला असता तर सहावी तपासणी झाली असती. जाहीर हुकमाने तपासण्यांची गरजच संपली. यापुढे कुणी पांघरूण उचलायला येणार नव्हतं. हॉलच्या दृष्टीने या निकालात दिलासा असलाच तर तो एवढाच, आणि त्यासाठी मोजलेली किंमत रोज सकाळी आरशाशिवाय कपाळावर गाठ मारताना आठवत असणार.

याच वसाहतीने पुढच्या काही दशकांत इतर शरीरांवरही अशाच रेघा ओढल्या. 1643 मध्ये विधिमंडळाने डोईपट्टीचा कायदा केला, त्यात आफ्रिकी बायकांना पुरुष मजुरांच्या बरोबरीने करपात्र धरलं. इंग्रज बायकांना वगळलं. शेतावर राबणारं शरीर म्हणून आफ्रिकी बाई पुरुषांच्या यादीत गेली. 1662 मध्ये ठरलं की मुलाचं गुलाम असणं वा मोकळं असणं आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम बाईच्या पोटचं मूल, बाप कुणीही असो, जन्मतः मालकाचं. हॉलच्या बाबतीत एका माणसापुढे अडखळलेला हा समाज अशा कायद्यांमध्ये मुळीच अडखळला नाही. तिथे तंबाखूचा हिशेब स्पष्ट होता.

कागद

व्हर्जिनियाच्या जुन्या वरिष्ठ न्यायालयाची बहुतेक दप्तरं एप्रिल 1865 मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस रिचमंड शहर जळालं तेव्हा राख झाली. 1620 च्या दशकातली ही इतिवृत्तं वाचली, कारण ती टॉमस जेफरसनच्या संग्रहात गेली होती आणि तिथून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोहोचली. म्हणून न्यूकॅसलच्या टॉमसीनचं नाव, प्लिमथची लेस आणि मांजरीचा घास आज आपल्यापर्यंत आहे.

हुकमाचं शेवटचं कलम असं: हॉलने चांगल्या वर्तणुकीचे जामीनदार द्यावेत, आणि ते एका तिमाही बैठकीपासून पुढच्या तिमाही बैठकीपर्यंत चालू ठेवावेत, न्यायालय मोकळं करीपर्यंत. अंमलबजावणी कॅप्टन बॅसने पाहावी. वाचलेल्या कागदांत मोकळं केल्याची नोंद नाही.